आमची कोठेही शाखा नाही

पुण्यातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवरचे हे वाक्य आता विनोदापुरते उरले आहे. पुणेरी तुसडेपणाचा नमुना म्हणून ते सांगितले जाते. खरे तर ती एक नोटीस आहे, आणि ती लिहिणारा माणूस तुसडा नसून पोळलेला असावा. त्याच्या नावाने दुसऱ्या पेठेत कोणीतरी अत्तर किंवा तपकीर विकायला लागले. गिऱ्हाईक तिकडे गेले, माल वाईट निघाला आणि बोल मात्र याच्या नावाला लागला. मग याने पेंटरला बोलावून चार शब्द रंगवून घेतले.

या चार शब्दांमागे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नावाला हद्द असते. पाटी पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी आहे. नागपुरात त्याच नावाचे दुकान असले तरी या दुकानदाराची झोप उडत नाही. ट्रेडमार्कचा कायदाही असाच हद्दी आखत वाढला. ट्रेडमार्क देशापुरता असतो, आणि देशातही ज्या वर्गातल्या मालासाठी तो नोंदवला त्या वर्गापुरता. वस्तू आणि सेवा मिळून असे ४५ वर्ग आहेत. फार गाजलेल्या नावांचा अपवाद सोडला तर एकाच नावाने एक जण पंप विकू शकतो आणि दुसरा लोणची. दोघेही कायद्याने मालकच.

इंटरनेटवरच्या डोमेनला ही सोय नाही. अमुक डॉट कॉम जगात एकच असते. पंपवाल्याने ते घेतले की लोणचेवाल्याला मिळत नाही, मग तो शिकागोचा असो की शिरवळचा. दुसऱ्याच्या नावाचे डोमेन आधीच नोंदवून ठेवायचे आणि मालक दारात आला की किंमत सांगायची, या धंद्याला सायबरस्क्वॉटिंग असे नाव पडले. स्क्वॉटर म्हणजे परक्या जागेत पथारी पसरून बसलेला कब्जेदार. हा धंदा चालला तो लोक फार लबाड होते म्हणून नव्हे. देशादेशांत वाटलेले नाव आणि जगभर एकच असलेले नाव यांच्यामध्ये जी फट राहिली, तिच्यात तो शिरला. ती फट बुजवण्याचे प्रयत्न गेली तीसेक वर्षे चालू आहेत, आणि त्यांचे निवाडे वाचताना कायद्यापेक्षा माणसांचे स्वभावच जास्त दिसतात.

सुरुवातीला नावांना किंमतच नव्हती. सत्तरच्या दशकात अमेरिकी जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावे एका यादीत मावत असत. ती यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे एलिझाबेथ फाइनलर यांच्या कार्यालयात ठेवली जाई. नवा संगणक जोडायचा तर त्या कार्यालयाला कळवायचे. यादी हाताबाहेर जाऊ लागली तेव्हा, १९८३ साली, पॉल मोकापेट्रिस यांनी आज चालते ती डोमेनची उतरंड आखली. १५ मार्च १९८५ रोजी सिंबॉलिक्स या संगणक कंपनीने पहिले डॉट कॉम नाव नोंदवले. देशांची दोन अक्षरी नावे, भारताचे ‘इन’, फ्रान्सचे ‘एफआर’, ही एका आधीच तयार असलेल्या आंतरराष्ट्रीय यादीवरून उचलली. कारण मोठे शहाणपणाचे होते: कोणता देश हा देश आहे, हे ठरवण्याचे काम संगणकवाल्यांना नको होते. या साऱ्या व्यवस्थेचे कारभारी जॉन पोस्टेल. १९९४च्या मार्चमध्ये लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी म्हटले, की डोमेनच्या बाबतीत हक्क आणि मालकी यांची भाषा अस्थानी आहे, बोलायचे तर जबाबदारी आणि सेवा यांविषयी बोलावे.

त्याच वर्षी त्यांचे म्हणणे जुने झाले. ऑक्टोबर १९९४च्या ‘वायर्ड’ मासिकात जोशुआ क्विटनर या पत्रकाराने लिहिले, की मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम हे नाव रिकामे आहे असे कळवायला मी त्या कंपनीला फोन केले, कोणालाच काही समजले नाही, तेव्हा मीच ते नोंदवून टाकले आहे. नोंदणी फुकट होती आणि कागद कोणी मागत नव्हते. पुढे कंपनी जागी झाली आणि ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेला देणगी देऊन तिने नाव सोडवून घेतले. क्विटनरला गंमत करायची होती. त्याच्यानंतर आलेल्यांना नव्हती. सप्टेंबर १९९५पासून नावाला वर्षाला पन्नास डॉलर पडू लागले, पण त्याने कब्जेदार थांबले नाहीत. फार तर धंद्याचे भांडवल ठरले.

या धंद्यातले सर्वांत गाजलेले नाव इलिनॉय राज्यातल्या डेनिस टोपेनचे. डेल्टा एअरलाइन्स, लुफ्थान्सा अशा शंभराहून अधिक प्रसिद्ध नावांचा साठा त्याच्याकडे होता. सिनेमाचे कॅमेरे बनवणारी पॅनाव्हिजन कंपनी १९९५ साली आपले नाव नोंदवायला गेली तर ते त्याच्याकडे निघाले. त्या पानावर काय होते? पाना नावाच्या इलिनॉयमधल्या एका गावाची आकाशातून घेतलेली छायाचित्रे. पानाचे व्हिजन, म्हणून पॅनाव्हिजन. त्याने तेरा हजार डॉलर मागितले, आणि पत्रात वर सल्लाही दिला, की वकिलाचे ऐकून कोर्टात जाल तर त्याच्या नव्या बोटीचे पैसे तेवढे भराल. कंपनीने नकार दिल्यावर गड्याने पॅनाफ्लेक्स हे तिच्या कॅमेऱ्याचे नावही नोंदवले. त्या पानावर एकच शब्द होता: ‘हॅलो’.

या खटल्यात पहिला वाद नावाचा नव्हता, कोर्टाच्या हद्दीचा होता. कंपनी कॅलिफोर्नियाची, माणूस इलिनॉयचा. मला कॅलिफोर्नियाच्या कोर्टात कशाला ओढता, असे त्याचे म्हणणे. १९९८च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की घाव जिथे बसावा म्हणून घातला, तिथले कोर्ट चालेल. एका देशातल्या दोन राज्यांत ही रस्सीखेच, तर दोन देशांत काय होणार हे उघड होते.

इंग्लंडमध्येही हाच खेळ ‘वन इन अ मिलियन’ नावाच्या कंपनीने मांडला होता. तिने मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी, व्हर्जिन, ब्रिटिश टेलिकॉम यांची नावे घेऊन ठेवली आणि बर्गर किंगला तर पंचवीस हजार पौंडांची किंमत कळवली. त्यांचा बचाव साधा होता: आम्ही या नावाने काहीच विकत नाही, मग फसवले कोणाला? जुलै १९९८मध्ये अपील न्यायालयाने उत्तर दिले, की असे नाव हातात असणे म्हणजेच फसवणुकीचे हत्यार बाळगणे. आधाराला घेतला तो ‘पासिंग ऑफ’चा जुना इंग्रजी सिद्धांत, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्यास मनाई. आपल्या पाटीवरचे चार शब्द ज्या दुखण्यावर होते, त्याच दुखण्यावरचा हा कोर्टाचा इलाज.

हा सिद्धांत ब्रिटिशांबरोबर आपल्याकडेही आलेला होता आणि तोच कामी आला. १९ फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात याहूइंडिया डॉट कॉमचा निकाल लागला. अमेरिकी याहूचे नाव तोवर ६९ देशांत एक तर नोंदलेले होते किंवा नोंदणीच्या रांगेत होते. भारतात नोंद नव्हती. आपला तेव्हाचा १९५८चा कायदा वस्तूंना ओळखत होता, सेवांना ओळखतच नव्हता. प्रतिवादीने हेही म्हणून पाहिले, की याहू हा शब्द तर कोशातला आहे. तो खरेच आहे. जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरला भेटलेले रानटी लोक ते याहू. न्यायालयाने यांतले काही मानले नाही आणि मनाई हुकूम दिला.

दोन महिन्यांनी मुंबईची पाळी आली. मुंबईच्या रेडिफविरुद्ध कोणी ‘रॅडिफ’ डॉट कॉम काढले होते. रोमन लिपीत फरक एका अक्षराचा. हे नाव कसे सुचले, याचे प्रतिवादीने दिलेले स्पष्टीकरण मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत आवडते: रॅडिकल या शब्दाची पहिली तीन अक्षरे, आणि इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री यांचे एकेक आद्याक्षर! आपल्याकडे श्लोकाच्या चरणांतून देवांची नावे काढणारे पंडित होऊन गेले, त्यांच्या तोडीची ही खटपट. मुंबई उच्च न्यायालयाने ती मानली नाही आणि डोमेन हा नुसता पत्ता नसून व्यापारी नावाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे म्हटले. मे २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. ‘सिफी’ हे कंपनीच्या नावातली अक्षरे जुळवून केलेले नाव. समोरच्याने एक ‘एफ’ वाढवून आपले केले होते. निकालात न्यायालयाने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले: ट्रेडमार्कचा कायदा एका देशात चालतो, डोमेन सगळीकडून उघडते, म्हणून देशी कायदा पुरा पडत नाही. तरी आहे त्यावरच भागवायचे. सायबरस्क्वॉटिंगसाठी वेगळा कायदा भारताने आजही केलेला नाही.

अमेरिकेने मात्र २९ नोव्हेंबर १९९९ला केला. एकेका नावामागे एक हजारापासून एक लाख डॉलरपर्यंत भरपाई त्यात ठेवली. आणि त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, जी या इतिहासाचा खरा सांधा आहे.

ऑक्टोबर १९९८मध्ये पोस्टेल वारले. त्यांचे काम त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘आयकॅन’ या संस्थेकडे गेले. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने, म्हणजे वायपोने, अहवाल दिला, आणि १९९९च्या ऑगस्टमध्ये आयकॅनने तंटे सोडवण्याची एक पद्धत मंजूर केली. तिला यूडीआरपी म्हणतात. तिची युक्ती अशी, की ती कोणत्याच देशाचा कायदा नाही. ती करारातली एक अट आहे. डॉट कॉम नाव घेताना आपण ज्या मसुद्याखाली न वाचता ‘मान्य’ म्हणतो, त्यात ती बसवलेली असते. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: नाव माझ्या चिन्हासारखेच किंवा गोंधळ व्हावा इतके मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवले, शिवाय वाईट हेतूने वापरले. सुनावणी नाही, साक्षीदार नाहीत, दंड नाही. समोरच्याला उत्तर द्यायला वीस दिवस. निकाल दोनच प्रकारचा, नाव काढून घ्यायचे किंवा ठेवू द्यायचे. वायपोकडे एका पंचाची फी दीड हजार डॉलर. कामकाजाची भाषा सहसा नोंदणी कराराची भाषा. नाव चिनी कंपनीकडून चिनी करारावर घेतलेले असेल तर कागद बहुधा चिनीत करावे लागतात.

पहिलीच तक्रार कुस्तीची निघाली. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचे नाव कॅलिफोर्नियातल्या एकाने घेऊन हजार डॉलरला देऊ केले होते. नोंद मेलबर्नच्या कंपनीकडे. म्हणजे भांडण अमेरिकनांचे, दप्तर ऑस्ट्रेलियात, निवाड्याची सोय जिनिव्हात. २ डिसेंबर १९९९ला तक्रार, १४ जानेवारी २०००ला निकाल. कोर्टात एवढ्या दिवसांत तारीखही पडत नाही. मार्च २०००मध्ये मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीच्या दोन तक्रारींचे निकाल लागले. तिच्या दोन दैनिकांच्या नावांमागे नुसता इंग्रजी ‘द’ लावून अमेरिकेत डोमेन घेतले होते आणि तिथे येणाऱ्या वाचकांना भारतीय बातम्यांच्या दुसऱ्याच ठिकाणी नेले जात होते. ही चिन्हे भारतातली, आमच्यावर त्यांचे बंधन काय, हा बचाव टिकला नाही. जिथे दैनिकाची कीर्ती पोचली आहे तिथे तिचा फायदा उपटणे वाईटच, असे पंचांनी धरले. त्या पहिल्या पूर्ण वर्षात वायपोकडे आलेल्या तक्रारींचा आकडा आपल्याला सहज लक्षात राहील असा आहे: १८५७. २०२३ साली तो ६,१९२ झाला होता.

पण उलटी बाजूही याच निवाड्यांत आहे. कब्जेदार कोण हे नेहमी इतके स्पष्ट नसते. उझी निसान हा जेरुसलेमचा माणूस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात स्थायिक झाला. निसान हे त्याचे आडनाव. हिब्रू पंचांगातला तो एक महिना. १९८० सालापासून तो या नावाने धंदा करत होता, आणि तेव्हा जपानी कंपनीच्या मोटारी अमेरिकेत डॅटसन नावाने विकल्या जात. १९९४ साली त्याने निसान डॉट कॉम आपल्या संगणकाच्या धंद्यासाठी घेतले. १९९९च्या डिसेंबरमध्ये मोटार कंपनीने त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. आठेक वर्षे खटले चालले. तो जिंकला म्हणावे तर धंदा बुडाला, हरला म्हणावे तर नाव शेवटपर्यंत त्याच्याकडे राहिले. २०२०मध्ये कोविडने तो गेला तेव्हाही ते त्याचेच होते.

आता जर्मनी पाहा. तिथेही एका गृहस्थाचे आडनाव शेल होते आणि शेल डॉट डीई त्याच्याकडे होते. नोव्हेंबर २००१मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले, की सारख्या नावाच्या दोघांत जो आधी आला तो राहिला हाच नियम. पण एका बाजूची कीर्ती एवढी अवाढव्य असेल, की लोक ते नाव टाइप करताना दुसरे काही शोधतच नसतील, तर लहान्याने बाजूला व्हावे. तेलकंपनी जिंकली. बापाचे नाव लावणारा अमेरिकेत टिकला, जर्मनीत उठला. मला जर्मन न्यायालयाचा तर्क कळतो, पटत मात्र नाही. प्रसिद्धीच्या वजनाने आडनावे ठरू लागली तर जनगणनेलाही तोच नियम लावावा लागेल.

त्याच वर्षीचा तिसरा निवाडा आपल्या जास्त जवळचा. इटालियन अर्मानी घराण्याच्या वतीने व्हँकुव्हरमधल्या एका गृहस्थाविरुद्ध वायपोकडे तक्रार झाली. त्याच्याकडे अर्मानी डॉट कॉम होते. त्याचे नाव ए. आर. मणी. आद्याक्षरे पुढे लावून मग नाव लिहायची दक्षिणेतली रीत. सलग लिहिले की रोमन अक्षरांत अर्मानी होते. रॅडिफवाल्यांची अक्षरे जुळवलेली होती, याची जन्माबरोबर आलेली. तक्रार फेटाळली गेली.

पंचांचा निवाडा शेवटचा नसतो, ही आणखी एक गुंतागुंत. हरलेला दहा कामकाजी दिवसांत कोर्टात गेला तर निवाडा थांबतो. बार्सिलोना शहराच्या नगरपालिकेने असेच बार्सिलोना डॉट कॉम जिंकले होते. ‘बार्सिलोना’ हा शब्द असलेली सुमारे दीडशे स्पॅनिश चिन्हे तिच्याकडे होती. नाव १९९६मध्ये घेणाऱ्या जोडप्याची कंपनी अमेरिकेत गेली. व्हर्जिनियातल्या कोर्टाने स्पॅनिश कायदा लावून पालिकेच्या बाजूने निकाल दिला, आणि जून २००३मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला: अमेरिकेत अमेरिकी कायदा, आणि त्यात गावाचे नुसते नाव कोणाची मालमत्ता नसते. फ्रान्स डॉट कॉमची कथा बरोबर उलटी. एका फ्रेंच माणसाने अमेरिकेत १९९४पासून चालवलेले हे पर्यटनाचे पान पॅरिसच्या न्यायालयाच्या निकालाआधारे २०१८मध्ये फ्रेंच सरकारच्या नावावर झाले. तो व्हर्जिनियात दाद मागायला गेला, तर २०२१मध्ये उत्तर मिळाले की परक्या सार्वभौम राज्यावर इथे खटला चालत नाही. पालिकेला जे जमले नाही ते राज्याला जमले.

आपल्या डॉट इनचा इतिहास यापुढे सौम्य वाटेल. जुन्या काळी त्याची नोंदणी मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होई. कागदपत्रांची कडक छाननी असे. २००४पर्यंत जेमतेम सात हजार नावे दिली गेली. कब्जेदाराला वाव नव्हता, पण धंदेवाल्यालाही नव्हता, म्हणून आपले उद्योग डॉट कॉमकडे गेले आणि तिथल्या बाजारात सापडले. २००५मध्ये डॉट इन सर्वांना खुले झाले आणि तंट्यांसाठी आयएनडीआरपी आली. तिच्यात एक लहानसा फरक आहे. वाईट हेतूने नोंदवले आणि वापरले, अशा दोन्ही गोष्टी इथे सिद्ध कराव्या लागत नाहीत. नोंदवले ‘किंवा’ वापरले, एवढ्यावर भागते. एका अव्ययाने तक्रारदाराचे ओझे निम्मे केले.

तरीही हे सगळे मार्ग ज्याच्याकडे कागद आहे त्याच्यासाठी आहेत. ट्रेडमार्कचा अर्ज लहान धंद्याला ऑनलाइन साडेचार हजार रुपयांत करता येतो, पण तो करायला हवा हे सुचण्याआधीच अनेकांच्या तीन पिढ्या त्या नावावर जगलेल्या असतात. नोंद नसली तरी पासिंग ऑफचा आधार आहे. मग कीर्ती सिद्ध करायला जुनी बिले, जाहिराती, वर्तमानपत्रांतली कात्रणे जपलेली हवीत. शिवाय पूर्वी डोमेन कोणाचे हे सातबारा काढावा तसे कोणालाही पाहता येई. २०१८च्या मे महिन्यात युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला, तेव्हापासून बहुतेक उताऱ्यांवर मालकाचे नाव झाकलेले असते. कब्जेदाराला तेवढाच आडोसा.

मराठी नावाला आणखी एक अडचण लिपीची. ‘ळ’ला रोमनमध्ये घर नाही. साळुंखे किती प्रकारे लिहिता येते ते मोजून पाहावे, आणि प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळे डोमेन, घेणाऱ्याला मोकळे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतले ‘डॉट भारत’ सुरू झाले. मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी यांसह आठ भाषांना ते एकच आहे, आणि तंटे तिथेही आयएनडीआरपीखालीच चालतात. त्यात ‘ळ’ आहे. रोमनमध्ये कुलकर्णी आणि कुळकर्णी यांना एकाच नावावरून भांडावे लागे. देवनागरीत ती दोन नावे आहेत आणि दोघांना दोन पाट्या लावता येतात. मात्र कुळकर्ण्यांच्या दुकानाचे गिऱ्हाईक फोनवर ‘ल’च टाइप करते, कारण ‘ळ’ शोधायला एक बोट जास्त लागते. आणि कुलकर्णी नावाचा माणूस ते आपलेच नाव म्हणून घेऊन बसला, तर त्याला कब्जेदार कोणत्या तोंडाने म्हणायचे, हा प्रश्न अजून कुठल्या पंचासमोर यायचा असेल तर येईल.